वास येतोय हो

माझी सवत आमच्या घरामागच्या अंगणात राहते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याने मला कधी धड छत्री आणून दिली नाही, हिला मात्र अंगाबरोबर बेतलेलं रेक्झिनचं कापड आहे, पावसाचा थेंब लागू नये म्हणून. सवत म्हणजे गॅसवर चालणारी ग्रिल. खाली सिलिंडर, वर लोखंडी पेटी, पेटीत बर्नर, त्यांच्यावर जाळी आणि जाळीवर कणसं, वांगी, बटाटे, हाताला लागेल ते.

आमचे हे आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. निवृत्त झाले आणि चुकीच्या मजल्यावर उतरलेल्या माणसासारखे घरभर भटकायला लागले. माझ्या स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं घट्ट आहेत का ते बघायचे. शेवटी लेकीने ही ग्रिल आणून अंगणात उभी केली आणि माझं स्वयंपाकघर मला परत मिळालं. सवत असली तरी तिचे एवढे उपकार मी मानते.

तिच्याशी ह्यांचं वागणं बघत बसावं असं. संध्याकाळ उतरायला लागली की अंगणात जायचं, कापड काढायचं, त्याची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करायची. घरातल्या चादरीला हे भाग्य नाही. भाजून झालं की जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशने घासायची, गार झाली की एकेक गज बोटाने चाचपायचा, ब्रशची तार राहून कुणाच्या घशात जाऊ नये म्हणून. बर्नरच्या नळ्यांत कोळी घरं करतात हे मला ह्यांच्यामुळे कळलं. ज्योत पिवळी आणि आळशी झाली की समजायचं, आत कुणीतरी बिऱ्हाड केलंय. मग हे बर्नर काढून मांडीवर घेतात आणि बाटल्या धुवायच्या ब्रशने साफ करतात, कोळ्याला "जा बाबा, दुसरीकडे बघ" असं समजावत. पुन्हा पेटवलं की निळ्या ज्योतींची ओळ लागते. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसतो. आभाळ, मागची भिंत, ह्यांचा चेहरा, सगळं हळूहळू त्याच रंगाचं होतं, आणि मला कधी कधी वाटतं की मी जागी नाहीच.

बर्नर बदलून झाले, जाळी बदलून झाली, नॉब झाले, एक चाकही झालं. "हिचं स्वतःचं असं उरलंय काय?" मी एकदा विचारलं.

"पेटी," हे म्हणाले. "बाकी सगळं बदलता येतं. पेटीचा तळ गंजून गेला की मात्र हात जोडायचे आणि नवी आणायची. आग त्या पेटीच्याच भरवशावर असते."

हा उपदेश अर्ध्या गल्लीने ऐकलाय. लोकांच्या किती ग्रिली ह्यांनी तळाला बोट लावून निकालात काढल्या.

आमचा दोघांचा एक खेळ होता. हे तिकडे रमले की मी खिडकीतून म्हणायची, "अहो, वास येतोय हो." गॅसचा, म्हणजे. हे हातातलं टाकून उठायचे, नळीशी वाकून हुंगायचे आणि खिडकीकडे बघून म्हणायचे, "लबाड." मग आत येऊन विचारायचे, काय हवंय. कधी वरच्या फळीवरचा डबा काढून हवा असायचा, कधी काहीच नको असायचं.

त्या दिवशी दुपार कलली होती आणि हवा जागची हलत नव्हती. मी खिडकीशी कांदे चिरत होते. ह्यांनी ग्रिलचं झाकण वर केलं, सिलिंडर उघडला आणि कणसं सोलायला घेतली. थोड्या वेळाने मला खरोखरच वास आला, कुजका, नाकात बसणारा. कांद्याचा असेल म्हणून हात धुतले. वास तसाच.

"अहो, वास येतोय हो."

हे उठले. नळीशी वाकले, हुंगलं, खिडकीकडे बघितलं. "लबाड," म्हणाले आणि हसत हसत नॉबकडे हात नेला.

मी अंगणात कशी पोचले ते मला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती एवढं खरं. सिलिंडर बंद केला आणि ह्यांचा हात धरून मागे ओढला.

"अगं, खेळ किती ताणायचा?" हे चिडले.

"खेळ नाहीये हा. नाक आहे की नुसतं चष्मा ठेवायला दिलंय?"

हे तडक आत गेले आणि वाडग्यात भांडी घासायच्या साबणाचं पाणी घेऊन आले. "चल, दाखवतोच तुला." वास पांगेपर्यंत मी त्यांना अडवून धरलं. मग त्यांनी सिलिंडर जरासा उघडला आणि नळीला साबणाचं पाणी चोपडलं.

आधी काहीच झालं नाही. मग नळी जिथे वाकते तिथे एक बुडबुडा आला. सावकाश फुगत गेला. त्यात आभाळ होतं, भिंत होती, आणि इवलेसे आम्ही दोघं. तो फुटला तर दुसरा आला, त्याच्यामागे तिसरा. ते इतकं सुंदर होतं की मी घाबरायचं विसरले. हेही बघतच राहिले. मग त्यांनी सिलिंडर घट्ट बंद केला आणि तिथेच खाली बसले.

"तुम्हाला नाही आला वास?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून कशाचाच येत नाही," हे जमिनीकडे बघत म्हणाले.

मला असा राग आला की कान तापले. थंडी सरून उन्हाळा संपत आला होता. एवढे दिवस हा माणूस माझ्याशेजारी बसून जेवला, छान झालंय म्हणाला, मी खिडकीतून हाक मारली की नळीशी वाकून हुंगायचं नाटक केलं, आणि मला पत्ता नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. जिवानिशी गेला असता म्हटलं, आणि ते म्हणता म्हणता रडायलाच लागले.

"सांगितलं असतं तर तू मला हिला हात लावू दिला असतास?" त्यांनी विचारलं.

नसता लावू दिला. ते मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हे नवी नळी बसवायला बसले आणि मी समोर स्टूल टाकून बसले, हवालदारासारखी. बर्नर उचलल्यावर खाली मला बिस्किटाच्या डब्याचं झाकण दिसलं. ते मी बाजूला केलं, तर पेटीचा तळ बोटाखाली पापडासारखा चुरला. त्यातून खालची फरशी दिसत होती.

"अहो, पेटीचा तळ गेला की काय करायचं असतं?"

"हात जोडायचे," हे म्हणाले, अगदी हळू.

"मग हे ठिगळ कशाला?"

"ही गेली की तू म्हणशील, आता पुरे. लेकही तेच म्हणेल. मग मी पुन्हा तुझ्या डब्यांची झाकणं बघत फिरायचं."

'पुरे' हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. चुकीचाही नव्हता. पण हे तिच्या कडेवरून हात फिरवत बसले होते, काजळी बोटांना लागत होती, आणि मला तो रिकामा, भटकणारा माणूस पुन्हा घरात नको होता. माझा जीव तुटला त्यांच्यासाठी.

"नवी आणायची," मी म्हटलं. "हात तुमचे, नाक माझं. मी हो म्हटल्याशिवाय पेटवायची नाही. आणि लबाड म्हणायचं नाही. आता मी खोटं बोलणार नाही."

हे मान हलवून हो म्हणाले. खेळ संपला म्हणून दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

नवी आली, तेव्हा ह्यांनी एकेका सांध्याला साबणाचं पाणी लावलं. कुठेच बुडबुडा आला नाही. झाकण वर केलं, नॉबवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबले. मी डोळे मिटून हुंगलं.

"गॅस नाही."

तरी हे पेटवेनात. "मग कशाचा येतोय?"

"नव्या रंगाचा," मी म्हटलं. "कणसांच्या सालींचा. शेजारी चादरी वाळत घातल्यात, त्यांच्या साबणाचा. कुंड्यांना आत्ता पाणी घातलंत, त्या मातीचा. तुमच्या सदऱ्याला अजून जुनीच्या धुराचा आहे."

हे डोळे मिटून ऐकत होते, एकेक वास पोचायला वेळ देत.

"आणि तुझ्या केसांच्या तेलाचा?"

"तो मला कसा येईल? माझाच आहे."

"त्यावरूनच तर कळलं होतं मला," हे म्हणाले. "तापातून सकाळी जाग आली, डोळे उघडले नव्हते. तू शेजारीच होतीस, आणि मला वाटलं, उठून गेलीस."

मी जाऊन त्यांना अगदी खेटून उभी राहिले.

"इथेच आहे," म्हटलं. "पेटवा आता."