लोखंडी पेटीचा लिलाव

आमच्या बेटावर शंख ऐकला की माणसं धावतात. एकतर मासे आलेले असतात, नाहीतर सरकारचं काहीतरी. सरकारचा शंख मी फुंकतो. इंग्रजीतली नोटीस रविवारी चर्च सुटल्यावर आमच्या बोलीत ओरडून सांगायची, हे माझं काम. दम माझा जातो, म्हणून नोटिसा दोन असल्या तरी शंख मी एकदाच फुंकतो. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी दोन होत्या. पहिली : चलनातल्या नोटांपोटी ठरलेली चांदी खजिन्याच्या लोखंडी पेटीत जमा आहे. दुसरी : जादा सरकारी सामानाचा सोमवारी लिलाव. एक होडी, दोन टेबलं, एक लोखंडी पेटी. पैसे फक्त चांदीच्या नाण्यांत.

नवी पेटी आली म्हणून जुनी विकत होते. पण ते नोटिशीत नव्हतं, आणि नसलेलं मी ओरडत नाही.

"ऐकलंत ना?" मादाम युफ्राझी म्हणाली. माडीचं दुकान चालवणारी ही विधवा नुसती खाकरली तरी बाजार गप्प होतो. "पेटी विकायला काढली, म्हणजे आत ठेवायला काही उरलं नाही. आणि सरकार स्वतःचीच नोट घेत नाही!"

सोमवारी खजिन्यापुढे नोटा घेऊन ही रांग. मोठे साहेब राजधानीच्या माहे बेटावर गेलेले. आत कारकून अल्सिदकाका एकटे, पेन्शनीला तीन महिने उरलेले.

"फक्त चांदी, असं कशाला लिहिलंत?" मी विचारलं.

"मी कुठे लिहिलं? नमुन्यात आहे! लढाईत नोटा निघाल्या, त्याच्या आधीचा नमुना. तीस वर्षं तोच उतरवतोय." काकांनी नव्या पेटीकडे बोट दाखवलं. "नोटांच्या निम्मीच चांदी ठेवतात रे. दुपारपर्यंत संपली की माझी पेन्शन गेली, ओनेझिम."

मला फार वाईट वाटलं. पण शंख काही परत आत ओढता येत नाही.

रांगेत पहिली मादाम. नोटा देऊन तिने पिशवीभर चांदी घेतली आणि बाहेर लिलावात उभी राहिली. चांदी तिच्या एकटीकडेच, त्यामुळे पेटी तिलाच मिळाली. पैसे चुकते करून उरलेली पिशवी तिने आत उपडी केली आणि तिन्ही जावयांना हुकूम सोडला, "उचला!"

त्यांनी उचलली. गंजलेला तळ मात्र खालीच राहिला. नाणी पायऱ्यांवरून खळखळत पाद्रीबाबांच्या पायापर्यंत गेली.

"सासूबाई, एवढे?" थोरला जावई म्हणाला. "आणि परवा मी शिडासाठी मागितले तर हात रिकामा होता तुमचा!"

मादामने नाणी वेचली आणि रांग मोडून थेट काकांपुढे ओतली.

"ठेवा तुमच्या पेटीत. मला कागद लिहून द्या."

"कसला कागद, मादाम?"

"एवढी चांदी इथे आहे आणि ती माझी आहे, असा. सहीशिक्क्यासकट. उशीच्या अभ्र्यात मावेल एवढा."

काकांनी तिच्याच नोटा तिच्यापुढे सरकवल्या. तिने एक उलटीसुलटी करून पाहिली.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती माझ्यावरच खेकसली.

आपल्यालाही जावई आहेत, हे रांगेतल्या बऱ्याच जणांना आठवलं असावं. दुपारपर्यंत अंगण रिकामं झालं.

तीन महिन्यांनी काका पहिली पेन्शन घ्यायला आले. नव्या कारकुनाने विचारलं, "नोटा देऊ की नाणी?"

काकांनी मागे पाहिलं. मी एकटाच होतो.

"नाणी," ते हळूच म्हणाले. "आणि ओनेझिम, तो शंख खाली ठेव."