संस्कृतीच्या हातातला दोर

मित्रांनो, मी एक जुना अंबाडीचा दोर आहे, आणि स्वभावानं जरा भित्रा आहे. कस्तुराबाईंच्या सासऱ्यांनी अंबाडी भिजवून, सोलून मला वळलं. पुष्कळ वर्षं मी बैलगाडीवर कडब्याचे भारे आवळून धरले. तेव्हा माझं कौतुक व्हायचं. मग नायलॉनचे दोर आले आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर धूळ खात पडलो.

कस्तुराबाई शाळेत खिचडी शिजवतात. आमची वस्ती अनसिंगच्या रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. रस्त्यावर ट्रक सुसाट धावतात. म्हणून शाळेतल्या चेतना मॅडमनी मला कस्तुराबाईंकडून मागून घेतलं आणि माझ्यावर गाठी मारल्या. प्रत्येक लेकरानं आपली गाठ धरून रांगेत चालायचं. पुढचं टोक मात्र त्यांनी दिलं संस्कृतीला! चौथीतली ही पोर वर्गात कुणाला चिमटे काढायची, कुणाचं दप्तर खिडकीबाहेर फेकायची. माझा जीव टांगणीला लागला.

“मॅडम, हिच्या हाती काहून देता? लेकरायले ढकलून देईन हे!” कस्तुराबाई म्हणाल्या.

“तिलाच देते. सगळे नीट पोहोचले, हे रोज तिनंच मला सांगायचं.”

संस्कृतीनं ते फारच मनावर घेतलं. एका सकाळी लहानगे ऐकेनात, तर तिनं वासरं बांधावीत तशी सगळ्यांची मनगटं माझ्या गाठींत करकचून बांधली. रस्त्याच्या मधोमध पहिलीतला शिवम पडला आणि अख्खी रांग कोलमडली. तेवढ्यात हॉर्न वाजला. मला सुटता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या पकडीची भीती वाटली.

संस्कृती हात वर करून ट्रकपुढे धावली. “थांबा! माह्ये लेकरं हायेत!”

करकचून ब्रेक लागले. ट्रक थांबला.

शाळेत ती रडत म्हणाली, “मॅडम, दोर दुसऱ्याले द्या.”

“आधी त्यांचे हात सोड. मग सांग, उद्या काय करशील?”

“बांधनार नाई. शिवमले माह्याजवळ धरीन.”

तेव्हापासून ती तसंच करते. वर्गातले चिमटे अजून पुरते थांबलेले नाहीत; रस्त्यावर मात्र ती कुणाची खोडी काढत नाही.

तरी माझी काळजी मिटत नाही. तिच्या मुठीजवळ माझे पदर झिजलेत, एकच कसाबसा उरलाय. मोठ्यांपैकी कुणी तो पाहिलेला नाही. मित्रांनो, त्यांना सांगा, मुलांच्या हाती जबाबदारी देताना दोरही तपासून द्या. मी तुटलो, तर सगळे म्हणतील, संस्कृतीनंच सोडला.