बद्द वाजणारं दार

काचवाल्याला बाजारात सगळे भिंग म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते कौतुक होतं. त्याच्या मुलीची समजूत वेगळी होती. पण तिलाही घरीदारी सगळे बारकी म्हणत आणि ती बापापेक्षा चांगली वीतभर उंच होती, त्यामुळे टोपणनावं कितपत खरी असतात या विषयावर त्या घरात कुणी फारसं बोलत नसे.

आज भिंगाच्या पायाला भिंगरी लागली होती. शोरूमच्या मागच्या आवारात एक कोरी पांढरी पिकअप उभी होती आणि तो तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. रंगातला फरक सरळ चालताना लपतो आणि उलट चालताना सापडतो, असं त्याचं म्हणणं. मध्येच तो वाकून पत्र्याला गाल लावी आणि एक डोळा मिटून लांबवर बघे. टाय लावलेला सेल्समन त्याच्यामागून चालत होता. आधी अदबीनं, मग सवयीनं.

ही तिसरी गाडी. पहिली भिंगानं परत पाठवली, कारण तिच्या एका दाराच्या फटीत नख जात होतं आणि दुसऱ्याच्या फटीत बोट. दुसरी परत गेली, कारण टायरवरचे आकडे वाचल्यावर टायर गाडीपेक्षा वयानं मोठे निघाले. दोन्ही वेळा तो बरोबर होता. माणूस चुकत असेल तर त्याला समजावता येतं. बरोबर असणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे घरात अजून कुणाला सुचलं नव्हतं.

उद्या सकाळी एका चष्मेवाल्याच्या नव्या दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. बारकीनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं हे पहिलं काम. माप तिनं घेतलं, काच तिनं कापली, कडा तिनं घासल्या. काच उभी ठेवून न्यायला लागते ती लाकडी घोडीही तिनंच ठोकली, आणि ठोकली ती नव्या गाडीच्या हौद्याच्या मापानं. जुन्या गाडीत ती घोडी काही केल्या बसत नव्हती. नवी गाडी आली की ती बारकीनं चालवायची, असा भिंगानं शब्द दिला होता. जुनी त्यानं तिच्या हातात कधीच दिली नाही. "तिचा क्लच लहरी आहे," तो म्हणे, "माझ्याखेरीज कुणाचं ऐकत नाही." बारकीचं लायसन्स एव्हाना इतकं जुनं झालं होतं की त्यावरच्या फोटोत ती शाळकरी दिसायची.

आज सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली होती, "बाबा, आज गाडी आली नाही तर चष्मेवाल्याचं काम गेलं. मग मी त्या मोठ्या काचकारखान्यात जाते. त्यांना ड्रायव्हर हवाय. मला विचारलंय त्यांनी."

तिनं हे चिडून म्हटलं असतं तर भिंगाला बरं वाटलं असतं. राग काय, उतरतो. पण साखर बेताची झाली का, असं विचारावं तशा आवाजात ती बोलली आणि गाळणं नळाखाली धरून धुऊ लागली. तेव्हापासून भिंगाला कुठेतरी काहीतरी बिघडल्यासारखं वाटत होतं. ते काय आहे हे तपासायची सोय नव्हती, म्हणून तो गाडी तपासत होता.

"साहेब, गाडी नवी आहे," सेल्समन म्हणाला.

"नवी म्हणजे काय?"

"म्हणजे कोरी. अजून कुणी वापरलेली नाही."

"म्हणजे अजून कुणी तपासलेली नाही."

सेल्समननं टायची गाठ थोडी सैल केली.

भिंगाचा मेहुणाही आला होता. बापलेकीच्या मध्ये बसायला कुणीतरी हवं म्हणून बारकीच्या आईनं आपल्या भावाला धाडलं होतं. त्यानं जन्मात गाडी घेतली नव्हती, पण दुसऱ्यांच्या गाड्या घ्यायला जाण्याचा त्याचा अनुभव दांडगा होता. तो एका डब्यावर बसून शोरूमचा फुकटचा सरबताचा ग्लास पुरवून पीत होता.

भिंग बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत होते.

"गंज आहे?" बारकीनं बुटांना विचारलं.

"नाही." आवाज खट्टू होता.

"वेल्डिंग?"

"बरं आहे." हा आवाज आणखी खट्टू होता.

मग त्यानं पाण्याची बादली मागवली. टपावरून पाणी ओतायचं आणि आत कुठे झिरपतं ते बघायचं. आत बघायला मेहुण्याला बसवलं. सेल्समन बूट भिजू नयेत म्हणून बाजूला सरकला. भिंगानं एक बादली ओतली, दुसरी ओतली, तिसऱ्या बादलीचं पाणी टपावर कमी आणि त्याच्या स्वतःच्या अंगावर जास्त पडलं.

"दाजी," आतून मेहुणा ओरडला, "आत अगदी कोरडं आहे. बाहेर काय परिस्थिती?"

बारकीनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलले. भिंगानं ते बघितलं आणि सदरा पिळला.

मागचा फाळका त्यानं पाडला, लावला, पुन्हा पाडला, पुन्हा लावला. कडी जागच्या जागी बसत होती. दिवे लागत होते. वायपर पुसत होते. बॉनेटखाली जे जिथे असायला हवं ते तिथे होतं. एखाद्या घरी दोष काढायला जावं आणि यजमानानं प्रत्येक गोष्ट नीटनेटकी ठेवलेली असावी, तसा अपमान झाल्यासारखं त्याला वाटू लागलं.

"आता चालवून बघू," तो म्हणाला.

बारकीनं हात पुढे केला. "किल्ली?"

"तू उद्यापासून. आज तपासणी आहे."

"चालवणार मी आहे ना, बाबा?"

"म्हणूनच."

या उत्तराचा अर्थ त्याला स्वतःलाही नीट कळला नाही. तो घाईनं आत बसला. सेल्समन मध्ये, बारकी पलीकडे. मेहुणा तिला जागा करून देण्याचा मोठेपणा दाखवून सरबताकडे परतला. निघताच भिंगानं आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि कान बाहेर काढला. गाडी वाजत नव्हती. खडखड नाही, करकर नाही, खुळखुळ तर मुळीच नाही. सरळ रस्ता लागल्यावर त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. सेल्समननं डोळे मिटून घेतले. गाडी कुठल्याही बाजूला न ओढता, शहाण्या मुलासारखी सरळ चालत राहिली.

"बाबा, बास," बारकी म्हणाली.

आवारात परत आल्यावर तो उतरला, दार लावलं आणि तसाच उभा राहिला. तपासायचं काही उरलं नव्हतं. आता फक्त 'घेतली' म्हणायचं. मग उद्या सकाळी बारकी ही गाडी घेऊन चष्मेवाल्याकडे जाणार आणि आपण दुकानात बसून काय करणार? काच पुसणार? त्याच्या बोटांना चैन पडेना. आणि काही ठरवण्याच्या आधी बोटांनी आपलं नेहमीचं काम सुरू केलं.

काचेच्या धंद्यात एक रीत आहे. काच हातात आली की बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. सलग काच खण्ण वाजते. तिच्यात केसाएवढा तडा असला, तर तो डोळ्याला दिसत नाही. पण काच बद्द वाजते. डोळ्यांना फसवता येतं, पेराला नाही.

त्यानं पलीकडचं दार वाजवलं. खण्ण. बॉनेट वाजवलं, हौद्याची बाजू वाजवली. जिथे जसं वाजायला हवं तसं वाजलं. मग चालकाच्या बाजूचं दार वाजवलं.

बद्द.

भिंग थांबला. पुन्हा वाजवलं. बद्द. पलीकडे जाऊन तिथलं वाजवलं. खण्ण. परत आला. बद्द. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर शांती पसरली.

"हे दार ठोकलंय," त्यानं जाहीर केलं. "आणताना कुठेतरी आपटलंय, पोचा आलाय. मग पोच्यात लांबीचा लगदा भरून वरून रंग मारलाय. बद्द वाजतंय."

"बद्द म्हणजे?" सेल्समननं विचारलं.

"बद्द म्हणजे बद्द."

मेहुणा उठून आला आणि दाराला कान लावला. "मला तर ठप्प ऐकू येतंय, दाजी."

"मला धप्प," सेल्समन म्हणाला. "धप्प चांगलं असतं, साहेब. मजबुतीची खूण."

"ठप्प, धप्प, काहीही म्हणा. खण्ण नाही ना? मग झालं तर!"

सेल्समननं शपथा घेतल्या. गाडी थेट कारखान्यातून आली आहे, वाटेत तिच्यावर माशीसुद्धा बसलेली नाही. आणि ही परत केली तर चौथी कधी येईल हे तो सांगू शकत नाही, वरचेही सांगू शकणार नाहीत. भिंग ऐकत नव्हता. तो बारकीकडे बघत होता. तिनं भांडायला हवं होतं. ती भांडली की तो मुद्दा मुद्द्याला जोडून उत्तर देणार होता.

"बरं," बारकी म्हणाली. "नका घेऊ मग."

तिनं फोन काढला.

"कुणाला लावतेस?"

"काचकारखान्यात. हो म्हणून टाकते."

ती चार पावलं लांब गेली आणि फोन कानाला लावून उभी राहिली. इतकं साधं. ना आदळआपट, ना डोळ्यांत पाणी.  भिंगानं दाराकडे बघितलं आणि पुन्हा वाजवलं, जरा वरच्या बाजूला. बद्द. खाली. बद्द. कडेला, हँडलपाशी, बिजागरीजवळ. त्याला आता तो आवाज नको होता. कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यात तरी, या दारानं खण्ण वाजावं म्हणून तो ठोकत सुटला होता. आणि दार बिचारं प्रामाणिकपणे बद्द बद्द करत होतं.

"दाजी, पोचा आता येईल," मेहुणा म्हणाला.

पलीकडे घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. फोन कानाशी तसाच धरून बारकी बापाचं ठोकणं बघत होती. त्याचं पेर लाल झालं होतं. तिचं लक्ष हातावरून दाराकडे गेलं, दारावरून वर, जिथे काहीच नव्हतं तिथे. तिनं फोन खाली घेतला.

"किल्ली द्या जरा," ती सेल्समनला म्हणाली.

ती आत बसली. किल्ली फिरवून तिनं बटण दाबलं. दाराच्या पोटातून काच सावकाश वर आली, अगदी वरपर्यंत गेली आणि जागेवर बसली.

"आता वाजवा, बाबा," काचेच्या आडून तिचा आवाज आला.

भिंगानं दार वाजवलं.

खण्ण.

 भिंग पलीकडे गेला आणि तिला खुणेनं त्या बाजूची काच खाली घ्यायला लावली. काच दारात उतरली. वाजवलं. बद्द. वर घ्यायला लावली. खण्ण. पुन्हा खाली. त्याचं समाधान होईपर्यंत ती काच खालीवर करत राहिली. घाई तिनंही केली नाही.

"दाजी," शेवटी मेहुण्यानं विचारलं, "म्हणजे दारात नेमकं होतं काय?"

"काच," भिंग म्हणाला.

मेहुण्यानं हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तोंडातल्या सरबतानं त्याला साथ दिली नाही. ते सेल्समनच्या टायवर उडालं, आणि सेल्समननं ते आनंदानं पुसलं.

बारकीच्या हातातला फोन वाजू लागला. ती पडद्याकडे बघत राहिली, मग बापाकडे. भिंग गाडीच्या पुढच्या चाकाचं निरीक्षण करत होता. चाक गोल होतं.

"गाडी ठीक आहे," तो चाकाला म्हणाला.

बारकीनं फोन घेतला. "नाही, काही नाही. चुकून लागला होता."

कागदपत्रं झाली. सेल्समननं दोन्ही किल्ल्या भिंगापुढे धरल्या. भिंगानं खिशातले हात बाहेर काढले नाहीत.

"मला कशाला देता?" तो म्हणाला. "माझ्याकडे गाडी आहे."

ती गाडी फाटकाबाहेर उभी होती. तिच्या चालकाकडच्या दाराची काच कित्येक वर्षांपासून दाराच्या पोटातच पडून होती आणि कुणाच्या सांगण्यानं वर येत नव्हती. काचवाल्याच्या गाडीला काच नाही, अशी थट्टा बाजारानं करून करून सोडून दिली होती. कुठल्या गाडीत बसायचं याचा विचार करण्यात मेहुण्यानं अजिबात वेळ घालवला नाही. तो बारकीशेजारी जाऊन बसला.

बारकी पुढे, भिंग मागे. त्याची नजर तिच्या ब्रेकच्या दिव्यांवरून हलत नव्हती. दोन्ही सारखे लागत होते. फाळका हलत नव्हता. नाक्यावर ती वेळेवर थांबली, वेळेवर निघाली. त्याचा पाय मात्र प्रत्येक वेळी तिच्या आधी ब्रेकवर जात होता, त्यामुळे दोघांमधलं अंतर वाढत चाललं. मग त्याला दिसलं की ती पुढे कडेला थांबली आहे.

त्यानं गाडी तिच्या शेजारी नेऊन लावली. "काय झालं?"

"बाबा, काहीतरी वाजतंय. निघाल्यापासून. खडखड असं."

भिंगाचा जीव भांड्यात पडला. त्याचा हात दाराच्या हँडलवर गेलासुद्धा. "कुठून?"

"मागून."

"फाळका! मी म्हणत होतो ती कडी..."

"फाळक्याच्या मागून," बारकी म्हणाली. "तुमची गाडी आहे ती."

पलीकडून मेहुण्यानं मान पुढे काढली. "दाजी, आत अजून कोरडं आहे बरं का."

भिंग मागे टेकला. त्याचा हात काच नसलेल्या खिडकीतून बाहेर लोंबत होता, आणि पेर आपोआप दारावर आपटलं. बद्द.

"मग पुढे जा," तो म्हणाला. "लांब गेलीस की ऐकू येणार नाही."

बारकीनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि इंडिकेटर दिला. भिंगानं मान वळवून तो नीट चालतोय का ते पाहिलं. चालत होता.