उलटा फोन

मास्तर येणार म्हणून तिने सकाळपासून तीनदा टेबल पुसलं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लोकांच्या कंप्युटरमध्ये चोर शिरू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं, हे काम तिला ज्यांनी शिकवलं ते मास्तर. सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी ते आलेच नाहीत. राजीनामा टपालाने आला. तिला इतका राग आला होता म्हणून सांगू, आम्हाला वाऱ्यावर सोडून हा माणूस गेलाच कसा? आता त्यांच्याच खुर्चीत ती बसत होती आणि राग कुठल्या कुठे गेला होता. उरली होती नुसती आठवण.

ती त्यांना घ्यायला खाली गेली. एकच मजला चढायचा, पण अर्ध्या जिन्यात तीच कठडा धरून थांबली.

"काठी माझ्या हातात आणि धाप तुला?" मास्तर म्हणाले.

"झोप होत नाही हो. गेला महिना हल्ल्यांवर हल्ले चाललेत."

धाप दोन महिन्यांची होती. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसात रक्त तपासायला माणसं आली, तेव्हा तिनेही हात पुढे केला होता. रिपोर्ट काही आला नाही. काही असतं तर कळवलं असतंच की, असं म्हणून तिने विषय मिटवून टाकला.

वर आल्यावर मास्तरांनी कंप्युटरचे मोठे पडदे पाहिले, काचेच्या भिंती पाहिल्या आणि विचारलं, "किटली कुठाय?"

झालं, दोघंही मनाने जुन्या खोलीत जाऊन पोचली. चार माणसं, तीन खुर्च्या. झाकण हरवलेली किटली आणि तिच्यावर बशी. धोका आला की पेटणारा तो लाल दिवा! येता-जाता पेटायचा मेला, म्हणून कोणीतरी त्याला लोकरीची टोपी घातली होती. चौदा-चौदा तास बसायचं, बिस्किटांवर दिवस काढायचा आणि आपण जग वाचवतोय म्हणून कॉलर ताठ. पोट दुखेपर्यंत हसायचे सगळे. त्या दिवसांसाठी तिचा जीव अजून तुटायचा.

"आणि माझा पहिला धडा?" ती म्हणाली. "तुम्ही भिंतीवर ते पत्र लावलंत. आपला अहवाल गंभीर आहे, त्वरित संपर्क साधा. म्हणालात, यातली लबाडी ओळखा. मी पाच खुणा काढल्या. तुमचा स्वतःचा कप दिलात मला बक्षीस."

"आठवतं," मास्तर म्हणाले. ते हसले नाहीत.

"तो धडा मी अजून देते. या, दाखवते."

नव्या लोकांना शिकवायच्या भिंतीवर तिने एक ताजा मेल छापून लावला होता. तिचं नाव, वय, 'तातडीचे' हा शब्द, खाली दाबायला निळी ओळ. पाठवणाऱ्याचा पत्ता भलताच. असे तीन आले होते. तिने तो पत्ता अख्ख्या ऑफिससाठी बंद करून टाकला होता. मागोमाग अनोळखी नंबरवरून फोनही आले. अनोळखी नंबर ती उचलते होय?

मास्तरांनी चष्मा पुसला आणि मेल दोनदा वाचला.

"उलटा फोन केलास?"

"कशाला? लबाडी ढळढळीत दिसतेय."

"घाई दिसली की थांबायचं, मग आपल्याजवळच्या नंबरवर उलटा फोन करायचा. धड्याचा अर्धाच भाग लक्षात ठेवलास, बाई." ते जवळच्या खुर्चीवर बसले. "तुझा दोष नाही. मी शिकवलाच अर्धा. ते भिंतीवरचं पत्र खरं होतं गं."

तिला आधी कळलंच नाही.

"माझंच होतं. माझ्या हृदयाचा अहवाल. डोळ्यांना सवयच तशी लागली होती, खरं पत्रही खोटं दिसायचं. वर तुम्हाला शिकवायला ते भिंतीवर लावलं. तीन महिन्यांनी आंघोळ करताना पडलो, तेव्हा समजलं. तुम्हाला तोंड कसं दाखवू? म्हणून टपालाने कळवलं."

बक्षिसाचा तो कप अजून तिच्या टेबलावर होता, पेनं ठेवलेला. तिला मास्तरांची दया आली, मग स्वतःची भीती वाटली. पर्सच्या तळातून तिने रक्त दिल्याची चुरगळलेली पावती काढली. तिच्यावर लॅबचा नंबर होता, तो तिने लावला.

पलीकडच्या बाईने तिचं नाव ऐकलं आणि सुस्कारा सोडला. "अहो, किती शोधायचं तुम्हाला? हिमोग्लोबिन सहावर आलंय. आजच्या आज दवाखान्यात जा, एकट्या जाऊ नका. आणि तुमच्या ऑफिसातल्या सतरा जणांचे मेल परत येतायत. तुमच्याकडे काही बिघाड आहे का?"

"हो," ती म्हणाली. "होता. काढते आत्ता."

बंद केलेल्या पत्त्यांच्या यादीत तिने तो पत्ता शोधला. पुढे कारणाच्या रकान्यात तिनेच लिहिलं होतं, 'उगाच घाबरवतात.' तिने ओळ पुसली आणि लॅबला सगळे मेल पुन्हा पाठवायला सांगितलं.

थोड्या वेळाने खोलीत एकेकाच्या टेबलावर टिंग वाजायला लागलं. कोपऱ्यातल्या मुलीने पडद्यावर पाहिलं आणि सवयीने हात खोडायच्या बटणाकडे नेला.

"थांब," ती म्हणाली. "ते खरं आहे. वाच."

मग तिने मास्तरांचा दंड धरला, आणि दोघं सावकाश जिना उतरायला लागली.