बद्रूमियाँची टीम

दत्तात्रय गवाणकरांच्या खोलीत शुक्रवारी दुपारी कोणी दार वाजवलं, तर आतून उत्तर यायचं, "मॅच चालू आहे!" शेजारच्या खोलीतला अनुराग सुरुवातीला टीव्ही शोधायचा. टीव्ही बंदच असे. काका पलंगावर मांडी घालून बसलेले, पुढे जुने पत्ते मांडलेले, कानाला फोन.

पत्ते बेसबॉलचे, एकेकावर एका खेळाडूचा फोटो आणि मागे त्याची माहिती. सौदीत अल खफजीला नोकरीत असताना एका अमेरिकन साहेबाने घर रिकामं केलं आणि एक पुठ्ठ्याचा खोका कचऱ्याच्या पिंपाशेजारी ठेवून गेला. नामांकित खेळाडू त्याच्या मुलांनी आधीच उचलले होते. राहिले होते ते कोणालाही नको असलेले. कोणी एकच मोसम खेळला होता, कोणी सगळा मोसम बाकावर बसून काढला होता. विली टोलन नावाच्या एका माणसाच्या पत्त्यामागे छापलं होतं की हिवाळ्यात तो दुधाची गाडी चालवतो. गवाणकरांना टोलन आवडला. बायको गेल्यापासून त्यांना गप्प माणसांची सवय झाली होती. पुढे ते रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात पंपांच्या दुरुस्तीवर आले, तेव्हा खोकाही बरोबर आला आणि त्यात भर पडत गेली.

फोनवर असायचे ते बदरुद्दीन. मूळचे भटकळचे, नोकरीला दूर हाइलला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात. असले बिननावाचे खेळाडू जमवणारा या देशात आपल्यासारखा आणखी एक वेडा आहे, हे दोघांना इंटरनेटवर कळलं. त्यानंतर जुम्म्याची नमाज झाली की हाइलहून फोन यायचा. एकाने चेंडू फेकणारा लावायचा, दुसऱ्याने मारणारा. पत्त्यामागचे आकडे वाचायचे आणि धाव झाली की नाही यावर भांडायचं. नियम दोघांनी मिळून केले होते, कारण खरे नियम दोघांनाही येत नव्हते. मैदान दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. एकमेकांना तरी कुठे पाहिलं होतं!

"दत्ताभाई, आपका दूधवाला आउट!"

"बद्रूमियाँ, चश्मा बदलो."

मग एका शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. गवाणकरांनी लावला तर बंद. शेवटी त्यांनी हाइलच्या दुकानाचा नंबर शोधून काढला. एका सुदानी माणसाने उचलला. मागे गिऱ्हाइकांचा गलका होता.

"बदरुद्दीन? खलास. बदरुद्दीन खलास," तो म्हणाला आणि ठेवला.

हा शब्द या देशात गवाणकर रोज ऐकत होते, रोज बोलत होते. काम झालं, खलास. दुकानातली खुब्ज रोटी संपली, खलास. सौदा ठरला, खलास. पण त्या क्षणी तो त्यांना अरबीतून ऐकूच आला नाही. गुहागरला बैल कड्यावरून पडला तेव्हा बाप पडवीत येऊन जसा म्हणाला होता, तसा ऐकू आला.

ते उठले आणि डोक्यावरून आंघोळ केली. बाहेर आल्यावर मात्र पुढे काय करायचं ते सुचेना. कोणाला भेटायला जायचं? बद्रूमियाँच्या घरात कोण कोण आहे, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं बोलणं झालं ते सगळं टोलनबद्दल.

अनुराग जेवायला बोलवायला आला. "काका, चेहरा का असा? कोण गेलं?"

"मित्र. हाइलचा."

"अरेरे. नेहमी भेटायचात?"

"एकदाही नाही."

अनुराग दारात घुटमळला, "बरं, डाळ ठेवायला सांगतो," म्हणाला आणि गेला.

रात्रभर एकच विचार त्यांना छळत राहिला. त्या माणसाची टीम आता कोणीतरी कचऱ्यात टाकणार. निदान ती आणावी, आणि माती कुठे दिली ते पाहून यावं. त्यांनी रजा टाकली आणि दम्मामहून रियाध, तिथून हाइल, अशा बस पकडल्या.

दुकानातला सुदानी त्यांचं मोडकं अरबी ऐकून आधी चकित झाला, मग पोट धरून हसला. "मौत? ला, ला! इकामा खलास, काम खलास. फायनल एक्झिट! इंडिया!" त्याने हाताचं विमान करून दाखवलं. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना; तो संपवून बदरुद्दीन कायमचे घरी गेले होते.

गवाणकरही हसले. सुदान्याने भटकळचा नंबर दिला. त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसूनच लावला.

"अरे बद्रूमियाँ! तुम तो मर गए थे!"

"किसने मारा?" पलीकडून तोच आवाज, पण मागे भांडी, पोरं, कोणीतरी हाक मारतंय. सगळी गोष्ट ऐकून बद्रूमियाँ खदखदले. "फिर रोए कि नहीं?"

"नहाया."

"बस, नहाया! वाह रे दोस्ती!" मग आवाज खाली आला. "बताना था, दत्ताभाई. टिकट, सामान, सब जल्दी जल्दी में... रह गया."

रह गया. गवाणकरांनी पायरीवरची वाळू बोटाने बाजूला सारली.

"और टीम?"

"वहीं दुकान में होगी. यहाँ बच्चे फाड़ डालेंगे. आप ले जाओ ना."

"फिर शुक्रवार को किसके साथ..."

"शुक्रवार को तो अब बेटियाँ आती हैं, दामाद आते हैं."

"शनिवार?"

"शनिवार... देखते हैं. आ रहा हूँ, आ रहा हूँ! दत्ताभाई, खाना लग गया. करता हूँ फोन."

सुदान्याने माळ्यावरून बुटांचा खोका काढून दिला. आत बद्रूमियाँचे सगळे खेळाडू रबरबँडमध्ये. एकही कमी नव्हता.

परतीच्या बसमध्ये शेजारी सिमेंटने पांढरे झालेले बूट घातलेला एक पेशावरचा मजूर बसला. ऊन खिडकीतून थेट मांडीवर पडत होतं.

"ताश है, चाचा?" त्याने खोक्याकडे बघून विचारलं.

"नहीं. खिलाड़ी हैं. ये देखो." गवाणकरांनी वरचाच एक काढला. "ये हॉस्किन्स. पकड़ता अच्छा था. मगर दौड़ में..." ते सांगत गेले. हॉस्किन्स कुठल्या गावचा, तो जिंकायचा तेव्हा बद्रूमियाँ कसे ओरडायचे, कुठल्या धावेवरून दोघं महिनाभर बोलले नव्हते.

मजुराने दोनदा मान हलवली. तिसऱ्यांदा ती हलली ती झोपेत, आणि हळूहळू गवाणकरांच्या खांद्यावर येऊन टेकली. खोका मांडीवरून घसरायला लागला होता. गवाणकरांनी तो गुडघ्याने अडवला, खांदा तसाच ठेवला आणि हॉस्किन्सचं उरलेलं हलक्या आवाजात सांगत राहिले.