सातवा तुकडा

भिंगरीच्या बाबांचं दुकान जुन्या लाकडात जीव घालायचं, पण दुकान स्वतः मात्र शेवटच्या घटका मोजत होतं. डगमगणाऱ्या खुर्च्या, काळवंडलेली टेबलं, पाय मोडलेली स्टुलं. बाबा त्यांना घासून, सांधून, जवसाचं तेल पाजून असं उभं करायचे की मालकालाच आपली वस्तू ओळखू यायची नाही. पण हल्ली मालकच फिरकत नव्हते. नवी खुर्ची दारात येऊन पडत असताना जुनीचे लाड करतंय कोण? बाबांनी फर्निचरच्या कारखान्यात नोकरीची चौकशी करून ठेवली होती. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणीही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं.

दुकानाचा ब्लॉग आई लिहायची. मन लावून, लांबच लांब. ‘लाकडाला तेल कसं लावावं’ या एका पोस्टसाठी तर ती बाबांच्या मागे हात धुऊन लागली होती, आणि शेवटी स्वतः एक स्टूल घासून, तेल लावून, खात्री करूनच तिने ती टाकली. वाचली कोणी? आईने, बाबांनी आणि मावशीने. मावशीनेही तीनदा फोन केल्यावर.

मग भिंगरीने सूत्रं हाती घेतली. पोरगी नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, त्यामुळे तिचे पाय जमिनीला लागत नव्हते आणि जीभ टाळ्याला.

“आई, तू ना अख्खं कलिंगड लोकांच्या हातात देतेस,” ती म्हणाली. “फोडी करून द्यायच्या असतात! पोस्ट टाकली म्हणजे काम संपलं असं नसतं गं. खरं काम तिथून सुरू होतं. या एका पोस्टवर मी महिना काढून दाखवते, बोल!”

आणि दाखवलं की तिने! पोस्टचे सात तुकडे केले. लाकूड घासण्याचा एक व्हिडिओ, तेल लावण्याचा दुसरा, आधीचं टेबल आणि नंतरचं टेबल असे फोटो, बाबांच्या हातांचा एक फोटो, लोकांना विचारलेला एक प्रश्न. सगळे रांगेत लावले, थोड्या थोड्या दिवसांनी एकेक आपोआप जाईल असे.

आईने रांग पाहिली. “आणि चिंध्यांचं?”

मूळ पोस्टच्या शेवटी आईने लिहिलं होतं: तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोंबून ठेवू नका. हे तेल सुकताना तापतं. ढीग असेल तर ती ऊब आतच कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर मोकळ्यावर पसरून वाळवा.

“तो सातवा तुकडा,” भिंगरी म्हणाली.

“सगळ्यात शेवटी?”

“मग काय! पहिल्याच झटक्यात आग आग ओरडले तर आपल्याकडचं तेल विकत घ्यायला येईल कोण? आधी गोडीत घ्यायचं, मग घाबरवायचं. आणि पूर्ण पोस्टची लिंक आहेच की खाली.”

“लिंक दाबतं का कोणी?”

“आई, तू ना काळजी करण्यात पीएचडी कर.”

आई हसली. तिथेच ती चुकली, असं तिला पुढे सारखं वाटत राहिलं.

दुसरा तुकडा, तेलाचा, असा काही धावला की विचारू नका. सुकलेल्या फळीवर तेलाचा बोळा फिरतो आणि लाकडाच्या रेषा झर्रकन वर येतात, एवढंच. पण लोक वेडे झाले. कुठल्या कुठल्या गावांतून फोन आले, तेलाचे डबे संपले, कामाच्या खुर्च्या दुकानात मावेनात म्हणून फुटपाथवर आल्या. बाबा कारखान्याचं नाव विसरले. शिट्टी वाजवत रंधा मारताना त्यांना पाहून भिंगरीला वाटलं, हे मी केलं. मी!

समोरचे घड्याळकाकाही तेल न्यायला आले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे जेमतेम एक बाक, एक दिवा आणि भिंतभर टिकटिक. “भिंगरे, पाहिला हो तुझा चमत्कार. माझ्या मोठ्या घड्याळाची पेटी अगदी म्हातारी झालीय, माझ्यासारखी. तिला जरा तरुण करतो.”

“तुम्हाला नाही लावायचं हं तेल, काका!” भिंगरीने डबा त्यांच्या हातात ठेवला, वर दोन स्वच्छ फडकीही दिली. “आणि पुढचे भाग येतायत, बघत राहा!”

पुढच्याच आठवड्यात ती शाळेतून आली तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. घड्याळकाकांच्या दुकानाचं दार नुसतं काळं भोक झालं होतं आणि त्यातून पाणी वाहत होतं. काका घड्याळं वाचवायला आत शिरले होते. त्यांना घेऊन हॉस्पिटलची गाडी केव्हाच गेली होती.

अग्निशमनचा एक जवान बाबांना सांगत होता, “बाकाखाली खोक्यात चिंध्या होत्या. तेलाच्या. या आपोआप पेटतात, लोकांना माहीतच नसतं.”

आईने भिंगरीकडे पाहिलं. मग तिचा हात धरून तिला घरात नेलं.

घरात दार लावून बाबा म्हणाले, “हे बघा, आपल्या पोस्टमध्ये सगळं लिहिलेलं आहे. कोणी विचारलं तर ती दाखवायची. बाकी मिठाची गुळणी धरून बसायचं.”

“लिहिलं मीच होतं हो,” आई म्हणाली. “पण त्यांच्यापर्यंत ते पोचलं का?”

“मग काय करू? दुकानाला कुलूप लावू? आत्ता कुठे चार माणसं दारात उभी राहायला लागलीत!”

भिंगरीने फोन उघडला. सातवा तुकडा रांगेत शांतपणे उभा होता. त्याची पाळी अजून आली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता सरळ हॉस्पिटलात गेली.

काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळून उशांवर ठेवले होते. जवळ त्यांची लेक बसली होती.

“ये गं,” काका म्हणाले. आवाज खरवडल्यासारखा. “मला कोडंच पडलंय बघ. मी बिडी ओढत नाही, दिवा बंद होता. पेटलं कसं?”

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. भिंगरी गप्प राहिली असती तर कदाचित कधीच कळलं नसतं. पण ती बोलली.

“चिंध्या, काका. तेलाच्या. कोंबून ठेवल्या की आपोआप पेटतात. मला माहीत होतं. तुम्हाला डबा दिला तेव्हाही माहीत होतं.”

लेक उठून उभी राहिली. “काय म्हणालीस?”

“मग सांगितलं का नाहीस?” काकांनी विचारलं.

“तो भाग... नंतर येणार होता.”

“नंतर,” काका म्हणाले. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, म्हणजे पट्ट्यांकडे. या हातांनी ते केसासारखी स्प्रिंग श्वास रोखून जागेवर बसवायचे. भिंगरीला रडू फुटलं.

“किती लोकांनी पाहिलाय तो व्हिडिओ?”

“खूप. हजारोंनी.”

“त्यांना सांगितलंस?”

तिने मान हलवली. नाही.

“मग माझ्यापुढे काय रडत बसलीस? जा ना!” ते असे ओरडले की पुढे खोकतच राहिले. लेकीने दार उघडून धरलं, आणि भिंगरी बाहेर पडताच लावून घेतलं.

हॉस्पिटलच्या जिन्याजवळच्या बाकावर बसून तिने व्हिडिओ केला. संगीत नाही, आधी गोडी नाही. चिंध्यांचं सांगितलं, समोरच्या दुकानाचं सांगितलं, काकांच्या हातांचं सांगितलं, आणि हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, हेही. तेलाचा व्हिडिओ हटवून त्याच्या जागी हा टाकला, आणि डबा नेलेल्यांपैकी ज्यांचे नंबर होते त्या प्रत्येकाला वेगळा पाठवला.

बाबांचा फोन आला. “काय करून बसलीस तू! दोघांनी आत्ताच आपल्या खुर्च्या परत मागितल्या.”

“बाबा, फुटपाथवर ज्यांची खुर्ची ठेवलीय ना, त्या बाईंनीही डबा नेला होता, त्यांचा नंबर नाही माझ्याकडे, त्यांना सांगा. आत्ता. नंतर नको.”

बाबांनी फोन ठेवला. सांगायला गेले की रागाने ठेवला, तिला कळलं नाही.

व्हिडिओखाली शिव्या जमू लागल्या. तिने त्या मुकाट वाचल्या. मग त्यांच्यात एक वेगळं उत्तर आलं: “काल रात्री टेबलाला तेल लावलं. चिंध्या पिशवीत भरून जिन्याखाली ठेवल्यात. मी कामावर आहे. घरी आई एकटी आहे, फोन लावतो.”

भिंगरीने लिहिलं, “उचलला का?”

“नाही उचलत.”

मग, “निघालो.”

त्यानंतर काही नाही. शिव्या येत राहिल्या, कोणी शाबासकीही दिली, तिने दोन्ही वर सरकवल्या. त्या माणसाच्या नावाखाली काहीच नव्हतं. काकांची लेक पाण्याची बाटली भरायला बाहेर आली, भिंगरीच्या खांद्यावरून वाकून तिने स्क्रीनकडे पाहिलं, आणि बाटली तशीच रिकामी घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

स्क्रीन मंद झाली. भिंगरीने ती बोटाने जागी केली आणि पुन्हा लिहिलं, “पोचलात का?”