माझा कडूपणा अळीसाठी होता

"दादाला खरी गोळी मिळणार का खोटी?"

हा प्रश्न धाकट्यानं पहिल्याच दिवशी विचारला. त्याचं खरं उत्तर त्याला आजवर कुणी दिलेलं नाही. तो विचारत होता सिस्टरला, पण मी तिच्या पाठीमागेच होते, खिडकीतल्या कुंडीत. मला वाचा असती तरी मी काय सांगणार होते? खरी गोळी म्हणजे मीच, पण कुणाच्या डबीत मी गेले आणि कुणाच्या डबीत पीठ, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी एक कडू वेल. दवाखान्यात रुग्ण जिथं ताटकळतात, त्या खोलीत तेव्हा मला ठेवलं होतं.

माझा जन्म बसस्थानकाच्या मागच्या भिंतीला, तुंबलेल्या गटाराच्या काठावर झाला. मला नाव नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. शेळी यायची, हुंगायची आणि तोंड वाकडं करून निघून जायची. दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभे राहणाऱ्या माणसांनीही माझ्याकडे कधी नीट पाहिलं नाही. पानावर अळी बसून कुरतडायला लागली, की माझ्या अंगात कडूजहर रस उतरायचा आणि दुसऱ्या घासाला अळीची दातखीळ बसायची. आम्हा झाडांची शिवी द्यायची पद्धत ही अशी.

मग एक दिवस हातमोजे घातलेली दोन माणसं आली आणि त्यांनी मला मुळासकट उचलून प्रयोगशाळेत नेलं. तिथं मला जीभ अडखळेल असं लांबलचक नाव मिळालं. त्यांनी माझी पानं कातरली, पाणी तोडलं, डोक्यावर भगभगीत दिवा लावला. मी जितकी हैराण होते तितका रस जास्त येतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. माणसांची प्रकृती सुधारावी म्हणून माझी बिघडवण्याचं काम मोठ्या उत्साहात सुरू झालं.

माझा रस आधी काचेच्या बशीतल्या पेशींना पाजला, नंतर उंदरांना. उंदरांची मूत्रपिंडं सुधारली, असं मोठ्या सरांनी जाहीर केलं. ती आधी बिघडवली कुणी, हे विचारायला उंदीर काही पत्रकार परिषदेला आले नव्हते. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली, 'गटाराकाठची संजीवनी'. अळीला दिलेली शिवी माणसांनी आशीर्वाद म्हणून घेतली.

मग माणसांवर चाचणी सुरू झाली. शोभेसाठी मला इथं रंगीत कुंडीत आणून ठेवलं आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावली. त्यामुळे सगळ्यांना मी कुठं आहे ते कळलं. हात पोचेल तिथवरची माझी सगळी पानं गेली. रुग्ण तोडायचे, नातेवाईक तोडायचे. पाटी लावणारा शिपाईसुद्धा जाता जाता दोन पानं खिशात टाकायचा.

दादा आणि धाकटा फरशा बसवायचे. दोघांच्या नखांत पांढरं सिमेंट कायमचं बसलेलं. आईबापांच्या माघारी दादानंच धाकट्याला वाढवलेलं. दादाची मूत्रपिंडं थकत चालली होती. ती बातमी कुणीतरी धाकट्याला वाचून दाखवली, तसा तो हातातली फरशी तशीच टाकून दादाला ओढत इथं घेऊन आला.

"निम्म्या लोकांना वेलीची गोळी, निम्म्यांना पिठाची," सिस्टरनं समजावलं. "दिसायला दोन्ही सारख्या. आणि रोजची औषधं चालूच ठेवायची बरं का."

"मग दादाला कुठली?"

"मला माहीत नाही."

"डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही. कळलं तर चाचणी बिघडते."

"मग माहीत तरी कुणाला आहे?"

"कॉम्प्युटरला."

धाकट्यानं कॉम्प्युटरकडे असं पाहिलं, की आता त्याची गचांडीच धरतोय.

"ए येड्या, बस खाली," दादा म्हणाला.

त्याच बाकावर दादाच्याच वयाची एक बाई होती. शिवणकाम करायची, सगळे तिला टेलरताई म्हणायचे. तिलाही तोच आजार होता आणि चाचणीचा तिचाही तो पहिलाच दिवस. ती डबी हलवून बघत म्हणाली, "माझ्या वाट्याला पीठच येणार. नवरा आला तोही तसलाच."

दादा खो खो हसला. "ताई, पिशवीतलं ते अस्तर पसरा इथं." दोघांच्या डब्या त्यानं कापडावर ओतल्या, वाळूत सिमेंट कालवावं तशा गोळ्या कालवल्या आणि एक तुम्हाला, एक मला अशा वाटून टाकल्या. "आता कुणाच्या नशिबाला नावं ठेवायची नाहीत."

"आणि दोन्हीकडं पीठच निघालं तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर पोट भरेल, येड्या."

दर खेपेला नव्या डब्या मिळाल्या की दोघं हेच करायचे. आत त्यांचं रक्त, लघवी, वजन, सगळं बारकाईनं मोजलं जायचं. बाहेर हे चालायचं, ते फक्त मी आणि धाकटा बघायचो.

मग दादा यायचा थांबला. सिस्टरनं फोन केला, की रिकामी डबी जमा करावी लागते. धाकटा एकटाच आला. डबी टेबलावर ठेवून म्हणाला, "दादा गेला." सिस्टर उठली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. चाचणी संपल्यावर कळेल, असं ती म्हणाली.

त्यानंतर तो उगाचच येऊन बाकावर बसायचा. टेलरताईचे रिपोर्ट सुधारत होते, त्यामुळे तिला त्याच्याकडे बघवत नसे. एकदा तो तिला म्हणाला, "अजून फरशी उचलताना दुसरं टोक धरायला त्यालाच हाक मारतो गं. मारून झाल्यावर आठवतं."

चाचणी संपली. त्याच खोलीत खुर्च्या मांडून सरांनी पडद्यावर दोन सावल्या दाखवल्या. एक बाई, एक पुरुष. "एकच वय, एकच आजार, एकाच दिवशी आलेले. हिला वेलीची गोळी मिळाली, ही सुधारली. ह्यांना दुर्दैवानं पिठाची मिळाली, हे आज आपल्यात नाहीत."

टाळ्या पडल्या. धाकट्याच्या मुठी आवळल्या. मला त्याचा चेहरा समोरून दिसत होता. गचांडी धरायला त्याला अखेर कुणीतरी मिळालं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, मग दादाचा जीव पिठानं घेतला असं त्याला जन्मभर म्हणता आलं असतं.

एवढ्यात त्याच्या शेजारी बसलेले एक आजोबा बरोबरच्या आजींना म्हणाले, "ऐकलंस? मी रोजच्या गोळ्या टाकल्या, तेच बरं केलं. आता फक्त वेल." आणि हात लांब करून त्यांनी माझं नुकतंच फुटलेलं पान तोडलं.

धाकटा ताडकन उठला.

"साहेब, हे खोटं आहे. दोघांनीही दोन्ही खाल्ल्यात. दादानं कालवून वाटल्या होत्या. मी बघत होतो."

सरांनी टेलरताईकडे पाहिलं.

"खरंय," ती म्हणाली. "अस्तरावर ओतून, दर खेपेला."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लघवी विचारलीत, रक्त विचारलंत. हे कुणी विचारलंच नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ह्या दोन रुग्णांना आकड्यांतून वगळावं लागेल."

"वगळा," धाकटा म्हणाला. "तो सगळ्यातनंच गेलाय. अजून कुठनं वगळणार?"

आता माझी कुंडी जिन्याखाली आहे. सर दुसऱ्या कुठल्याशा मुळीच्या मागे लागलेत, तिची बातमीही येऊन गेली. माझ्यात गुण नाहीच, असं मी म्हणत नाही. असेलही. तो नीट शोधा, सावकाश शोधा, आणि शोधताना बाकावरच्या माणसांशी दोन शब्द बोला. पण सापडेपर्यंत माझ्या भरवशावर कुणी आपली औषधं टाकू नका. मला अळीपलीकडचं कुणी माहीत नव्हतं हो.

धाकटा पुन्हा आला नाही. पण त्या दिवशी तो लगेच गेला नव्हता. त्यानं आजींकडून डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली आणि खालच्या मेडिकलमधून आजोबांच्या रोजच्या गोळ्या आणल्या.

"तू कोण रे मला सांगणारा?" आजोबा खेकसले.

"कुणी नाही," तो म्हणाला. पाकीट फाडून गोळी त्यानं त्यांच्या तळहातावर ठेवली, स्वतःची पाण्याची बाटली उघडून पुढे धरली, आणि आजोबांनी ती गिळेपर्यंत तिथंच उभा राहिला.